बैलाच्या गोळ्यातली गोळी

आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना कुणी उगीच हळहळायला नको. माझी पोरगी गोड आहे. चार वर्षांची होईल आता. वाऱ्यासारखी पळते, खदखदा हसते, पाण्यात सोडली तर बाहेर यायचं नाव घेत नाही. पण एका जागी बसत नाही. हाक मारली तर भलतीकडंच बघते. शब्द तिच्याजवळ थोडेच आहेत, आणि तेही तिच्या मनात आलं तर. ताटली पडली की अजून दोन्ही कान दाबून किंचाळते. हे असं का झालं, याचा बोल अख्ख्या गावानं माझ्यावर ठेवला. तो बोल माझा नाही. मला सांगायचंय ते एवढंच, पण ते एवढ्यात सांगून होत नाही, म्हणून पहिल्यापासून सांगते.

माझं लग्न आतेभावाशी झालं. आमच्यात त्यात नवल काही नाही, मामाच्या पोरीवर आत्याच्या पोराचा हक्क पहिला. माझी आई मी अगदी लहान असताना गेली. वडील साताऱ्याला कचेरीत पट्टेवाले. शाळेला सुट्टी लागली की ते मला आत्याकडं आणून सोडायचे, कृष्णाकाठी, कराडच्या खालच्या अंगाला. आत्याचं घर म्हणजे बैलजोडी, ऊस, म्हशी आणि दिवसभर माणसांची ये-जा. आत्यानं माझ्या उवा काढल्या, मला नदीत पोहायला शिकवलं, पहिल्यांदा बाहेरची झाले तेव्हा मी मरतेय की काय म्हणून रडत बसले होते तर हिनंच पोटाशी धरलं. त्यामुळं मला सासर असं नव्हतंच. बरोबरीच्या मुली सासरी जाताना धाय मोकलून रडल्या. मी मोटारीत बसताना हसत होते. वडील म्हणाले, "अगं, जरा रडल्यासारखं तरी कर. लोक म्हणतील, बापानं पोरीला जाच केला."

तेव्हा लढाई चालू होती. नवरा पलटणीत. लग्नापुरता सुट्टीवर आला, मग आणखी एकदा आला, आणि मग त्यांची पलटण परमुलखात गेली ती लढाई संपेपर्यंत. त्या दुसऱ्या सुट्टीनंतर मला दिवस गेले. घरात मी, आत्या आणि माझी धाकटी नणंद. मामंजी आधीच वारले होते. नणंदेचं लग्न ठरत होतं.

आणि ओकाऱ्या सुरू झाल्या.

ओकाऱ्या सगळ्यांनाच होतात, हे मलाही माहीत होतं. पण ह्या तशा नव्हत्या. पाण्याचा घोट घेतला तरी उलटून पडायचा. चुलीचा धूर आला की ओकारी, म्हशीच्या धारेचा वास आला की ओकारी, आत्यानं केसांना लावलेल्या तेलाच्या वासानं ओकारी. आत्यानं आवळा दिला, लाह्यांचं पाणी दिलं, आल्याचा रस दिला. दृष्ट काढून झाली. वैद्य येऊन पुड्या देऊन गेला, त्याही ओकले. शेवटी माझ्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. शेजारची म्हातारी, जिला आम्ही सगळ्याच काकू म्हणायचो, येऊन बघून गेली आणि दारातच आत्याला म्हणाली, "भावाला बलवून घे बाई. तोंड तरी बघू दे लेकीचं." मी आतून ऐकत होते. मला बोलायचंही त्राण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या पानावर एक हिरवी गोळी घेऊन आली. सुपारीएवढी. वर गूळ लावलेला.

"काय आहे?"

"गुळवेल. गीळ. चावायची न्हाई."

"ओकेन मी."

"वकलीस तर वक. आदी गीळ तरी."

मी गिळली. ओला पाला, गूळ आणि मागं राहणारी एक हिरवट तुरट चव. आणि ती गोळी पोटात राहिली! तासाभरानं माझं डोकं हलकं झालं, आणि मग भूक लागली. भूक! किती दिवसांनी मला कळलं की पोटात कळ येते ती भुकेचीही असते. आत्यानं भाकरीचा तुकडा दुधात कुस्करून दिला, मी खाल्ला, आणखी मागितला. आत्या चुलीपाशी तोंड फिरवून पदरानं डोळे पुसत होती, हे मी बघितलं. ते रडणं खरं होतं, ते मी आजही खोटं म्हणत नाही.

त्यानंतर रोज सकाळी गोळी. कुणाला खोटं वाटेल, पण ते माझ्या आयुष्यातले सगळ्यांत आनंदाचे महिने होते. मी खायची, झोपायची, हसायची. कशालाही हसायची. कोंबडी उकिरड्यावरनं घसरली, हस. नणंदेनं भाकरी करपवली, हस. एकदा जात्यावर बसले आणि जातं फिरतंय का मी फिरतेय तेच कळेना, इतकी हसले की दळणच सांडलं. आत्याही माझ्याबरोबर हसायची. काकू भाकरीची चळत बघून म्हणायची, "आगं, ही सून हाय का पिठाची गिरन?" आत्या म्हणायची, "खाऊ दे. दोन जिवांची हाय ती. नजर नगा लावू." रात्री आत्याच्या शेजारी पडलं की वाटायचं, छत लांब गेलंय, सगळं सावकाश चाललंय. मी म्हणायचे, "आत्या, पोटुशी असलं की इतकं बरं वाटतं होय?" ती म्हणायची, "वाटतं एकेकीला."

मग ग्रहण लागलं. सूर्यग्रहण. पोटुशीनं ग्रहणात काही चिरायचं नाही, खायचं नाही, हलायचं नाही, अंधाऱ्या खोलीत सरळ बसून राहायचं. मी सातारला सातवीपर्यंत शिकलेली. बाईंनी शाळेत लिंबू आणि चेंडू घेऊन आम्हांला ग्रहण दाखवलेलं. मी आदल्या दिवशी आडावर सगळ्यांपुढं शहाणपणानं सांगून टाकलं, "नुसती सावली असते ती. राहू नाही आणि केतू नाही." बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. आत्यानं दटावलं म्हणून मी बसले खोलीत. पण सकाळची गोळी पोटात गेलेली, आणि त्या गोळीची भूक म्हणजे साधी भूक नव्हती, पोटात वाघ उठायचा. ताकही नाही, पाणीही नाही. शेवटी मी कोपऱ्यातली काकडी घेतली, विळीवर चिरली आणि मीठ लावून खाल्ली. तेवढ्यात काकूनं दार लोटलं. माझ्या हातात काकडीची फोड, मांडीशी विळी. तिनं कपाळावर हात मारला तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

पोरगी झाली ती दिवस भरूनच झाली, पण एवढीशी. सुईण म्हणाली, "बया, हे तर चिमनीचं पिल्लू." रडायला लागली आणि थांबेचना. ते रडणं तान्ह्या पोरांसारखं नव्हतं, बारीक, टोकदार, सुरीसारखं. हात लटपटायचे, हनुवटी थरथरायची. दूध ओढता ओढता सोडून द्यायची. भांड्याला भांडं लागलं तरी सगळ्या अंगानं दचकायची, हातपाय फेकायची. झोप म्हणाल तर पापणीपुरती. आत्यानं तिला तीळतेल चोळलं, शेक दिला, रात्रीच्या रात्री मांडीवर घेऊन बसली. मी म्हटलं, "आत्या, हिला काय होतंय?" आत्या पोरीच्या हनुवटीकडं बघत होती. 

बोलली ती काकू. बारशाच्या दिवशीच. "गरान बाधलं. मी डोळ्यांनी बघितलंय, हिच्या हातात इळी हुती."

आणि मग ते सगळीकडं झालं. मान उशिरा धरली, ग्रहण. बसली उशिरा, ग्रहण. इतर पोरं चालायला लागली आणि ही अजून रांगेना, ग्रहण. कुणी नवी सून पोटुशी राहिली की तिला माझी पोरगी दाखवायची, असं होतं ते, बघ. मी आडावर गेले की बोलणं थांबायचं. आत्या त्यांना काय म्हणायची? मी स्वतः ऐकलं आहे. ती घागर उचलत म्हणायची, "सातारची हाय. शिकल्याली. तिला कोन सांगनार?"

मला वाटायचं, ती माझी कड घेतेय. देवाशपथ, मला तसंच वाटायचं! शिकलेली म्हटल्यावर बायका मला कमी बोलतील, म्हणून बिचारी असं म्हणते. आणि तोवर माझंही मन त्या लिंबू-चेंडूवरनं उठलं होतं. पोरगी रात्री किंचाळायला लागली की मी अंधारात तिला हलवत मनातल्या मनात म्हणायची, एक काकडी, एका काकडीपायी मी हिचं वाटोळं केलं. मी ग्रहणाची दानं दिली. सोमवार धरले. विळी हातात घ्यायची झाली तर माझे हात कापायचे, तेव्हा भाजी नणंद चिरायची. आत्यानं हे सगळं बघितलं. माझे कापणारे हात बघितले आणि ती विळी निमूट नणंदेपुढं सरकवली.

लढाई संपली, नवरा पलटणीतनं सुटून घरी आला. पोरगी तेव्हा नुकती धरून धरून उभी राहत होती. त्यांनी तिला उचललं, ती मागं रेलून ओरडली. त्यांनी खाली ठेवली. दोन-तीन दिवसांनी शेतातनं येताना मला हळूच विचारलं, "काय गं, खरंच चिरलंवतंस व्हय तू गरानात?" मी म्हटलं, "व्हय." ते पुढं चालायला लागले. बस्स, एवढंच. पण त्यानंतर ते पोरीला घ्यायला स्वतःहून गेले नाहीत.

आता नणंदेचं सांगते, कारण तिथंच सगळं उघडं पडलं.

नणंद तासगावकडं दिली होती. तिला दिवस गेले आणि तिलाही ओकाऱ्या. माझ्यासारख्या नाहीत, पण बऱ्याच. नवऱ्यानं तिला विश्रांतीला माहेरी आणून सोडलं. ती पडवीत घोंगडीवर पडलेली असायची, तोंड पिवळं. मला तिची लय दया आली. मला नाही येणार तर कुणाला येणार? मी धावतच आत्याकडं गेले.

"आत्या, वन्संना ती गोळी द्या की. मला दिली होती ती. एका दिवसात उठून बसतील."

आत्या दाणे पाखडत होती. सूप थांबलं नाही. "संपला पाला."

"मग आणते की मी. ओढ्याला गुळवेल मायंदाळ आहे."

"नगं. तिला नगं ती."

"का?"

"परतेकीची परकुर्ती निराळी आसती."

मला काही संशयच आला नाही! मी ओढ्यावर गेले, गुळवेल आणली, पाट्यावर वाटली, जिभेला लावून बघितली. कडूजहर. ती चव ही नव्हतीच. मी म्हटलं, वेल जून असेल, किंवा मलाच आठवत नसेल. तसंच सोडून दिलं.

मग त्याच आठवड्यात आमच्या जोडीतला तांबडा बैल चाऱ्यावरनं उठला. वैरण पुढं पडलेली आणि हा नुसता उभा, रवंथ नाही काही नाही. उसाच्या दिवसांत बैल असा आजारी पडला तर पंचाईत. बैल चारा सोडतो तेव्हा आमच्याकडं त्याला गोळा देतात. कुठला पाला वाटतात, त्यात गूळ घालतात, बाजरीचं पीठ घालतात, आणि कवठाएवढा गोळा करून बैलाचं तोंड उघडून आत सारतात. घरातली कर्ती बाई तो वाटते. मी साताऱ्याची, गोठ्यातलं हे काम माझ्याकडं कधी आलंच नव्हतं. त्या दिवशी आत्याच्या मनगटाला चमक भरली होती, म्हणून मी म्हटलं, "द्या, मी वाटते."

आत्या म्हणाली, "ऱ्हाऊ दे."

मी म्हटलं, "द्या हो," आणि वरवंटा ओढूनच घेतला.

पहिला घसारा मारला आणि वास आला. ओल्या पाल्याचा, हिरवट. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. आधी तोंडाला पाणी सुटलं आणि मग कळलं! मी तो पाला बोटावर घेतला, गुळाला लावला आणि चाटला. तीच चव. तुरट, मागं राहणारी. मी हसलेच. म्हटलं, "आत्या, अहो हीच ती! हीच माझी गोळी. तुम्ही म्हणाला पाला संपला, हा काय ढीगभर आहे!"

पडवीतनं नणंद उठून बसली. "खरंच व्हय वैनी? दे की गं आये मला बी इल्लीशी." आणि तिनं हात लांब केला.

आत्यानं तिच्या हातावर फटका मारला. असा मारला की नणंदेच्या बांगड्या खळखळल्या.

"खबरदार! लेकरू हाय तुज्या पोटात."

 बैल फुरफुरला. मी पाट्यापुढं बसलेली, बोट हिरवं, आणि मला माझ्याच तोंडून ऐकू आलं,

"मग माझ्या पोटात काय होतं, आत्या?"

 नणंद एकदा आत्याकडं, एकदा माझ्याकडं बघत होती.

"काय पाला आहे हा?"

"भांग," आत्या म्हणाली. "कराडच्या ठेक्याच्या दुकानातनं आनत्यात."

मग ती बोलायला लागली आणि भराभर बोलली. "तू मरत हुतीस. बांगड्या गळत हुत्या तुज्या. भावाला काय तोंड दावलं असतं मी? बैलाला मानवती, खायला लागतो. म्हनलं मानसाला का न्हाई मानवनार? जगलीस का न्हाई त्येच्यावर? सांग, जगलीस का न्हाई?"

"जगले."

"मग?"

"मग गुळवेल का म्हणाला?"

"भांग म्हनलं असतं तर गिळली असतीस? शिकल्याली तू."

"आणि आता वन्संना का नको?"

आत्यानं पदर तोंडाला लावला.  शेवटी ती पाट्याकडं बघून बोलली, माझ्याकडं नाही. "पोरीची हनुवटी लटलटाय लागली तवाच माज्या काळजात चर्र झालं. मला त्या आदी ठावं न्हवतं गं. तवा कळलं."

तेव्हा कळलं! बारशाच्या आधी. काकू "गरान" म्हणाली त्याच्या आधी. म्हणजे मी काकडीपायी रात्ररात्र स्वतःला खात होते तेव्हा हिला माहीत होतं. माझे हात विळीवर कापत होते तेव्हा माहीत होतं. सोमवारी उपाशी पोटी मी देवळात जायची तेव्हा दारात उभी राहून माझ्या हातात नारळ देणारीला माहीत होतं.

मी म्हटलं, "तुम्ही ग्रहण म्हणू दिलंत लोकांना."

"मी कवा म्हनलं गरान? लोकच म्हनत हुती."

गोळीचं मी समजून घेईन. समजून घेतलंही आहे. ती नसती तर मी आणि पोरगी, दोघीही गेलो असतो, असंही असेल. पण नंतरचं हे गप्प बसणं, हे कसं समजून घ्यायचं? आणि आणखी एक गोष्ट आहे, ती मी कुणाला बोलले नाही, इथंच पहिल्यांदा लिहिते. माझे ते आनंदाचे महिने. ती कोंबडी, ते जातं, ते लांब गेलेलं छत. तो आनंद माझा नव्हताच म्हणायचा. बैलाच्या गोळ्यातला होता. ते महिने मला आता आठवावेसेच वाटत नाहीत. तेवढंही आत्यानं ठेवलं नाही.

नवऱ्याला सांगितलं. ते आईकडं गेले, बराच वेळ आत होते. बाहेर आले ते म्हणाले, "आई रडतीया. म्हनती, तुजी बायको म्हनती मी इख दिलं."

"मी विष म्हटलंच नाही. भांग म्हटलं. भांग दिली का नाही विचारा."

"दिली म्हनली. पर झालं ते झालं. चारचौघांत बोलू नगंस. तिचं वय झालं."

मी म्हटलं, "आणि माझं काय झालं?" त्यावर त्यांनी एक केलं. मी हट्ट धरला म्हणून मला आणि पोरीला सांगलीला एका लेडी डॉक्टरकडं घेऊन गेले. बाई वयस्क होत्या, पांढरं नेसलेल्या. त्यांनी पोरीला खूप वेळ बघितलं, टाळी वाजवली, दिवा दाखवला, लाकडी ठोकळे दिले. पोरीनं ते सगळे फेकून दिले. मग मला सगळं विचारलं. मी गोळीचं सांगितलं, काकडीचंही सांगितलं.

काकडीला त्या हसल्या. चांगलं हसल्या, हेटाळणीनं नाही. "काकडीनं काही होत नाही. काकडी चांगली असते." मग गंभीर झाल्या. "भांगेनंच झालं असं मी छातीठोक सांगू शकत नाही. तुम्ही उपाशी होता, मूल लहान जन्मलं, त्यानंही होतं. पण आई जे घेते ते पोटातल्या मुलाला पोचतं. रोज, इतके महिने, नशेचा पाला द्यायला नको होता. मूल लहान होतं, दचकतं, पुढं त्याचं चित्त एका जागी ठरत नाही, असं होऊ शकतं. पुढच्या वेळी ओकाऱ्या झाल्या तर इथं या. त्याला औषधं आहेत."

मी नवऱ्याकडं बघितलं. ते ठोकळे गोळा करत होते. परतीच्या मोटारीत पोरगी त्यांच्या मांडीवर झोपली. त्यांनी घेतली, मी दिली नव्हती.

हे लिहिताना मला सारखं वाटतंय, की वाचणाऱ्यांत कुणी पोटुशी असेल. तिला सांगते. कुणी काही दिलं तर नुसतं गीळ म्हटलं म्हणून गिळू नका. नाव विचारा. देणारं माणूस जवळचं असेल तर जास्त विचारा.

मग नणंदेचं बाळंतपण आमच्याकडंच झालं. मुलगा, गुटगुटीत, घर डोक्यावर घेणारा. बारशाला सगळ्या बायका आल्या. पाळणा सजवला तो मी. झालर मी शिवली. कुंची मी शिवली. बाळाला पाळण्यात घालायची वेळ आली, एक बाई अलीकडं, एक पलीकडं. मी सहज पुढं झाले आणि हात पुढं केले.

काकूनं माझा दंड धरला. "तू नगं बाई. गरानाचं हात हैत तुजं. नवं लेकरू हाय."

सगळ्या बायका आत्याकडं बघायला लागल्या. मीही बघितलं. आत्या पाळण्याच्या दोरीला हात लावून उभी होती. मला वाटलं, आता म्हणेल. आता नाही तर केव्हा? दोन शब्द. ग्रहण नव्हतं, एवढे दोनच.

आत्या म्हणाली, "बस जरा तिकडं. पोरीला घिऊन."

मग मला राहवलं नाही. मोठ्यानं बोलले, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "ग्रहण नव्हतं. आत्यांनी मला बैलाच्या गोळ्यातली भांग दिली, रोज, पोरगी होईपर्यंत. वन्संना विचारा, त्यांच्या देखत कबूल केलंय. त्यांना मात्र दिली नाही!"

कुणीतरी फिस्सकन हसलं. "बैलाचा गोळा?" असं कुणी म्हणालं आणि दोघी-तिघी तोंडाला पदर लावून हसल्या. मी नणंदेकडं बघितलं. ती मान खाली घालून बाळाच्या मनगटातला काळा दोरा फिरवत होती. फिरवतच राहिली.

आणि आत्या म्हणाली, अगदी मऊ आवाजात, मला पोहायला शिकवताना बोलायची त्या आवाजात, "बाळंतपनापास्नं तिचं डोस्कं ठिकान्यावर न्हाई. मनावर घिऊ नगा. म्हना पाळना."

त्यांनी पाळणा म्हटला. मी पोरीला काखेत मारली आणि खोलीत गेले. बायका गेल्यावर नणंद आत आली, बाळ माझ्या मांडीवर ठेवलं आणि रडायला लागली. "वैनी, मी तोंड कशी उघडू? आई हाय माजी." मी बाळाला घेतलं, त्याचा काय दोष? पण तिला म्हटलं, "बंद खोलीत माझ्या मांडीवर ठेवून काय उपयोग, वन्सं?" दुसऱ्या दिवशी मी वडिलांकडं साताऱ्याला निघून आले.

वडील मला काही विचारत नाहीत. ते कचेरीतनं येताना पोरीला पेरू आणतात. ती चाळीच्या अंगणात पळते, इथं तिला कुणी ग्रहणाची म्हणत नाही. परवा ती नळाखाली हात धरून "पानी" म्हणाली, सारखी म्हणाली, म्हणून सगळ्या चाळीनं ऐकलं.

नवरा शनिवारी मोटारीनं येतो. आता ते पोरीशी खेळतात, ती फेकते ते उचलून आणतात. त्यांनी मला परत चल म्हटलं. मी म्हटलं, येते, पण आत्यांनी आडावर त्याच बायकांपुढं सांगायचं, ग्रहण नव्हतं. डोकं ठिकाणावर आहे माझं, असंही सांगायचं. त्यांनी जाऊन सांगितलं. पुढच्या शनिवारी निरोप आणला, खाली बघत सांगितला. "आई म्हनती, तू म्हनशील तर तुज्या पाया पडती. घरात. पर बायांम्होरं न्हाई."

 ज्या बाईनं मला वाढवलं तिनं माझ्या पायाला हात लावायचा? "पाया नकोत," मी म्हटलं. "आडावरच. दोन शब्द."

ते दर शनिवारी येतात. दारात चपला काढतात तोवर मीच विचारते, पाणी द्यायच्याही आधी.

"म्हणाल्या का?"

"न्हाई."

मग मी पाणी आणते.